स्पॅनिश क्रियापद : कुठे तोडायचे, कुठे नाही

‘देबोल्ब्येन्दोसेलास.’ स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी वर्तमानकाळ, भूतकाळ पाठ करून आत्मविश्वासाने एखादी गोष्ट वाचायला घेतो आणि अशा एका शब्दापाशी अडखळतो. शब्दकोश उघडावा तर तिथे हा शब्द नाहीच. तो नसणार, कारण शब्दकोशात असते ते ‘देबोल्बेर’ म्हणजे परत करणे. बाकीचे सगळे त्याच्या मागे चिकटले आहे. ‘त्याला त्या परत करत’ असा चार शब्दांचा मजकूर स्पॅनिशने एका दमात म्हणून टाकला आहे. ‘त्या’ म्हणजे किल्ल्या किंवा स्पॅनिशमध्ये जे काही स्त्रीलिंगी अनेकवचनी असेल ते.

अशा शब्दांची भीती वाटते ती लांबीमुळे. खरी अडचण मात्र लांबीची नसते. शब्द दोन वेगवेगळ्या पद्धतींनी तोडता येतो आणि शिकणारा या दोन्ही पद्धती एकमेकींत मिसळून टाकतो, ही खरी अडचण आहे. एक तोड उच्चाराची, म्हणजे तोंडात मावतील असे तुकडे पाडण्याची. दुसरी अर्थाची : उपसर्ग, धातू, प्रत्यय, सर्वनाम. या दोन तोडी कधी एकाच जागी पडतात, पण बहुतेक वेळा पडत नाहीत.

एक मोठे उदाहरण घेऊ : ‘देसेन्मास्कारारीआमोस’, म्हणजे ‘आम्ही मुखवटा उतरवू, बिंग फोडू’, तेही ‘संधी मिळाली असती तर’ अशा अटीच्या वाक्यातले. उच्चाराने तोडले तर दे-सेन्-मास्-का-रा-री-आ-मोस्, असे आठ तुकडे. अर्थाने तोडले तर देस्-एन्-मास्कार्-आ-रीआ-मोस्, असे सहा. ‘देस्’ म्हणजे उलट क्रिया, ‘एन्’ म्हणजे आत घालणे, ‘मास्कारा’ म्हणजे मुखवटा, ‘आ’ हा ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटाचा स्वर, ‘रीआ’ हा अटीच्या रूपाचा प्रत्यय आणि ‘मोस्’ म्हणजे आम्ही. आता ‘सेन्’ या तुकड्याकडे पाहा. त्यातला ‘स्’ एका उपसर्गाचा आहे आणि ‘एन्’ दुसऱ्या उपसर्गाचा. तोंडाला त्याचे काही देणेघेणे नाही. दोन स्वरांमध्ये एकटे व्यंजन सापडले की स्पॅनिश ते पुढच्या स्वराला देऊन मोकळी होते. ‘देस्’ शोधायला गेलेला कान म्हणूनच फसतो.

पुढे जाण्याआधी लिपीबद्दल थोडे. स्पेनच्या मोठ्या भागात ‘झेड’ आणि मृदू ‘सी’ यांचा उच्चार जीभ दातांमध्ये आणून करतात. लॅटिन अमेरिकेत तिथे सरळ ‘स’ येतो. या लेखात लॅटिन अमेरिकेचा उच्चार धरला आहे. ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्ही ‘ब’, ‘जे’साठी ‘ह’ आणि ‘एच’ मुका. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दंत्य असतात, त्यामुळे ते मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत.

आधी उच्चार

अंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ साली कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश भाषेचे व्याकरण छापले. त्यातला दुसरा भाग त्याने उच्चारशास्त्र आणि अक्षरविचार यांनाच दिला होता. म्हणजे हा विषय तेव्हापासूनचा आहे. नियम थोडेच आहेत आणि मराठी वाचकाकडे त्यांची निम्मी तयारी शाळेतच झालेली असते, फक्त ती त्याच्या लक्षात नसते.

वृत्त ओळखायला शिकताना ‘पुस्तक’मधला ‘पु’ ऱ्हस्व असूनही गुरू का धरायचा, हे शिकवले जाते. पुढच्या जोडाक्षरातल्या ‘स्’चा भार त्याच्यावर पडतो, म्हणून. म्हणजे लिहिताना पु-स्त-क असले तरी उच्चारात पुस्-तक आहे. स्पॅनिशचा नियम हाच : दोन स्वरांमध्ये दोन व्यंजने आली की एक मागच्याला, एक पुढच्याला. अभ्यास करणे म्हणजे एस्-तु-द्यार. देवनागरीत ‘एस्तुद्यार’ लिहिले की डोळा ‘ए-स्तु’ असे वाचू लागतो. इथे लिपीवर विसंबून चालत नाही. ‘स’ आणि व्यंजन यांची जोडी स्पॅनिशमध्ये कधीच अक्षराच्या सुरुवातीला येत नाही. इंग्रजी ‘स्टुडंट’ला तिथे ‘एस्तुद्यान्ते’ म्हणतात तेही याचमुळे.

अपवादसुद्धा वृत्तविचारातून समजतो. ‘तुम्ही’मधला ‘तु’ पुढे जोडाक्षर असूनही लघूच राहतो, कारण ‘म्ही’चा आघात मागे येत नाही. स्पॅनिशमध्ये अशा न फुटणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत : प, ब, क, ग, फ यांच्यापुढे ‘र’ किंवा ‘ल’, आणि त, द यांच्यापुढे ‘र’. म्हणून बोलणे हे आ-ब्लार, खरेदी करणे हे कोम्-प्रार, सापडणे हे एन्-कोन्-त्रार. चार व्यंजने एकत्र आली तरी हाच हिशोब लागतो : नाव नोंदवणे म्हणजे इन्स्-क्रि-बिर. ‘र्र’, ‘च’ आणि दुहेरी ‘एल’ रोमन लिपीत दोन अक्षरांनी लिहितात, पण ध्वनी एकच, म्हणून तेही फुटत नाहीत.

एक गमतीचा शब्द मात्र नियम मोडतो. अधोरेखित करणे याला ‘सुब्रायार’ म्हणतात. नियमाने सु-ब्रा-यार व्हायला हवे, पण सुशिक्षित उच्चार आहे सुब्-रा-यार, आणि ‘र’ही शब्दाच्या सुरुवातीला असतो तसा कंप पावणारा. ‘सुब्’ म्हणजे खाली आणि ‘राया’ म्हणजे रेघ, ही शिवण बोलणाऱ्याला अजून जाणवते, म्हणून इथे तोंड अर्थाचे ऐकते. झाकणे हे ‘कुब्रिर’ मात्र कु-ब्रिर असेच तुटते, कारण त्यात ‘कुब्’ नावाचा उपसर्ग नाही.

स्वरांचा भाग जरा जास्त लक्ष देऊन पाहावा लागतो. आ, ए, ओ हे बळकट स्वर, इ आणि उ दुबळे. दोन बळकट शेजारी आले की वेगळे उच्चारतात : वाचणे म्हणजे ले-एर, पडणे म्हणजे का-एर. दुबळा स्वर बळकटाला लागून आला की दोघांचे एकच अक्षर होते. पण दुबळ्यावर आघातचिन्ह, म्हणजे तिरकी रेघ, आले की तो पुन्हा वेगळा होतो. हे टिपून ठेवण्यासाठी देवनागरीइतकी सोयीची लिपी नाही. एकत्र उच्चार असेल तिथे ‘य’ किंवा ‘व’चे जोडाक्षर लिहावे, वेगळा असेल तिथे स्वतंत्र स्वर. पाठवणे हे ‘एन्-ब्यार’, पण ‘मी पाठवतो’ हे ‘एन्-बी-ओ’. अभ्यास करणे हे ‘एस्-तु-द्यार’ आणि ‘मी अभ्यास करतो’ हे ‘एस्-तु-द्यो’, ‘तु’वर जोर. दोन्ही क्रियापदांची मूळ रूपे एकाच धाटणीची, तरी ‘मी’चे रूप वेगळे वागते, आणि मूळ रूप पाहून ते कळत नाही. नवे क्रियापद टिपताना ‘मी’चे रूप शेजारी लिहून ठेवणे हा त्यावरचा एकमेव उपाय. ‘उआर’ने संपणाऱ्यांत थोडी सवलत आहे. ‘ग्वार’ने संपणारी क्रियापदे जोडी सोडत नाहीत, उदाहरणार्थ ‘आबेरिग्वार’ म्हणजे शोध घेणे, त्याचे ‘आबेरीग्वो’. ‘आक्त्वार’चे मात्र ‘आक्तू-ओ’ होते.

आघाताचा नियम दोन ओळींत सांगता येतो. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपला तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर, इतर वेळी शेवटच्यावर. यापेक्षा वेगळे असेल तर तिरकी रेघ द्यावीच लागते. देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्यांनी जोराच्या अक्षराखाली रेघ ओढायची सवय लावावी. नाहीतर ‘आब्लारा’ हा एकच शब्द दोन अर्थांनी समोर येतो : ‘ब्ला’वर जोर असेल तर ‘बोलला असता’ या धर्तीचे रूप, शेवटच्या ‘रा’वर असेल तर सरळ भविष्यकाळ, ‘तो बोलेल’.

मग अर्थ, तोही उजवीकडून

अर्थ शोधताना बहुतेक विद्यार्थी डावीकडून सुरुवात करतात, आणि तिथेच घोटाळा होतो. स्पॅनिश क्रियापदाची डावी बाजू फसवी असते, तिच्याबद्दल पुढे येईलच. उजवी बाजू मात्र शिस्तीची आहे. तिथे येणारे तुकडे मोजके आहेत आणि त्यांचा क्रम कधी बदलत नाही. म्हणून शेवटापासून सोलत यावे.

सगळ्यात शेवटी असू शकतात सर्वनामे. ती तीनच ठिकाणी चिकटतात : मूळ रूपाला, ‘करत’ या अर्थाच्या ‘न्दो’ रूपाला आणि होकारार्थी आज्ञेला. ‘दीमेलो’ म्हणजे ‘ते मला सांग’ : दी-मे-लो. आज्ञा नकारार्थी झाली की हीच सर्वनामे सुटी होऊन पुढे येतात, ‘नो मे लो दीगास’. जुन्या स्पॅनिशमध्ये ती साध्या भूतकाळालाही मागून लागत. परीकथांची सुरुवात होते त्या ‘एरासे’मध्ये, म्हणजे ‘एरा’ अधिक ‘से’मध्ये, ती पद्धत अजून शिल्लक आहे.

क्रम ठरलेला आहे : आधी माणूस, मग वस्तू. ‘त्याला’चे सर्वनाम खरे तर ‘ले’, पण ‘लो’, ‘ला’, ‘लोस’, ‘लास’ यांच्या आधी ते ‘से’ होते. आता सुरुवातीचा शब्द उजवीकडून सोलू. ‘लास’ म्हणजे त्या. ‘से’ म्हणजे त्याला. ‘येन्दो’ म्हणजे करत. उरले ‘देबोल्ब्’, म्हणजे ‘देबोल्बेर’. तो शब्द आता शब्दकोशात सापडतो. उच्चार मात्र दे-बोल्-ब्येन्-दो-से-लास्, जोर ‘ब्येन्’वर.

इथे एक कामाची खूण मिळते. सर्वनामे चिकटली म्हणून क्रियापदाचा जोर जागचा हलत नाही. ‘देबोल्ब्येन्दो’ला तिरकी रेघ लागत नव्हती, पण मागे दोन अक्षरे वाढल्याने ती द्यावी लागली. जोर शेवटून चौथ्या अक्षरावर असेल, तर तो शब्द सर्वनामे लागलेले क्रियापद असण्याचीच दाट शक्यता. ‘देब्वेल्बेमेलो’, म्हणजे ‘ते मला परत दे’, हा त्याचा नमुना : ‘ब्वेल्’वर जोर आणि मागे तीन अक्षरे. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ वापरतात. तिथे ‘मला सांग’ हे ‘दीमे’ नसून ‘देसीमे’ असते, जोर ‘सी’वर आणि रेघ नाही. ब्वेनोस आइरेसच्या मालिका पाहून भाषा शिकणाऱ्यांना हे माहीत असलेले बरे.

या सांध्यांवर काही अक्षरे गळतातही. ‘बामोस’ला ‘नोस’ लागले की ‘स’ जातो आणि ‘बामोनोस’ होते, म्हणजे ‘चला, निघू या’. स्पेनमध्ये ‘तुम्ही जा’ याचे प्रमाण रूप ‘इदोस’ होते, पण ते बोलताना फारसे कोणी वापरत नव्हते. लोक सर्रास ‘इरोस’ म्हणत. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीने अखेर २०१७ साली तेही मान्य केले.

सर्वनामे काढली की पुरुष-वचनाचा प्रत्यय. ‘मोस’ म्हणजे आम्ही किंवा आपण, ‘न’ म्हणजे ते किंवा तुम्ही सगळे, ‘स’ म्हणजे तू. ‘इस’, म्हणजे अनौपचारिक ‘तुम्ही’, दिसला तर मजकूर बहुधा स्पेनमधला, कारण लॅटिन अमेरिकेत त्या रूपाचा वापर नाही. त्याच्या आधी काळाचा किंवा अर्थाचा प्रत्यय, आपल्या व्याकरणातल्या आख्यातप्रत्ययासारखा : ‘आब्लाबामोस’मध्ये ‘बा’, म्हणजे ‘आम्ही बोलत होतो’. त्याच्याही आधी गटाचा स्वर, ‘आ’, ‘ए’ किंवा ‘इ’. नवी क्रियापदे जवळपास सगळी ‘आर’च्या गटात येतात, ‘चातेआर’ म्हणजे चॅट करणे, ‘त्वितेआर’ म्हणजे ट्वीट करणे. हे दुसरे अकादमीच्या शब्दकोशाच्या २०१४ सालच्या तेविसाव्या आवृत्तीत आहे.

भविष्यकाळाची रूपे पाठ करताना विद्यार्थी वैतागतात. ती पाठ करायची गरजच नाही. मूळ रूप तसेच ठेवून मागे ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडायचा : ए, आस, आ, एमोस, आन. आब्लार अधिक ए म्हणजे आब्लारे, ‘मी बोलेन’. आब्लार अधिक एमोस म्हणजे आब्लारेमोस. लॅटिनमधले ‘बोलणे माझ्याकडे आहे’ असे दोन शब्दांचे वाक्य झिजून हा काळ तयार झाला. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या दोन शब्दांच्या मध्ये सर्वनाम शिरत असे. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही शिरते, ‘दिर्-ते-एइ’ म्हणजे ‘मी तुला सांगेन’. गोव्यात पोर्तुगीजमधून शिकलेल्या जुन्या पिढीला ही रचना नवी नाही.

काही क्रियापदांत हा सांधा आवळला जातो. ‘तेनेर’चे ‘तेनेरे’ न होता मधला ‘ए’ गळतो, ‘न’ आणि ‘र’ एकमेकांना भिडतात आणि मध्ये ‘द’ येतो : तेन्द्रे. तसेच पोन्द्रे, साल्द्रे, बेन्द्रे. ‘केरेर’मध्ये ‘ए’ गळल्यावर दोन ‘र’ एकत्र येतात, आणि तिथे अर्थाचा फरक एका कंपावर येऊन ठेपतो. ‘के-री-आ’ म्हणजे ‘त्याला हवे होते’, ‘के-र्री-आ’ म्हणजे ‘त्याला हवे असेल’. सोलून पाहिले तर पहिल्यात ‘केर्’ला ‘ईआ’ लागले आहे आणि दुसऱ्यात ‘केर्र्’ला. कानाला हा फरक पकडता येत नसेल तर दोन्ही मोठ्याने म्हणून पाहावे, दुसरा इलाज नाही.

धातू : वेश बदलणारा, पण एकाच कुळातला

शेवटून सोलत आलो की हातात धातू उरतो, आणि तो अनेकदा ओळखू येत नाही. त्याची दोन कारणे असतात. पहिले आघाताचे. जोर धातूवर पडला की काही धातूंतला ‘ओ’ फुटून ‘वे’ होतो आणि ‘ए’चा ‘ये’. जोर पुढे सरकला की पूर्ववत. ‘बोल्बेमोस’ म्हणजे आम्ही परततो, पण ‘ब्वेल्बो’ म्हणजे मी परततो. नामांपासून झालेल्या क्रियापदांत हे उलट दिसते. जमीन म्हणजे ‘त्येर्रा’, विमान उतरणे म्हणजे ‘आतेर्रिसार’, कारण जोर शेवटी गेला. म्हातारा म्हणजे ‘ब्येहो’, म्हातारे होणे म्हणजे ‘एन्बेहेसेर’. दुसरे कारण निव्वळ स्पेलिंगचे. रोमन लिपीत ‘क’ हा ध्वनी ‘ए’च्या आधी वेगळ्या अक्षरांनी लिहावा लागतो, म्हणून श्रीमंत आणि श्रीमंत होणे हे दोन शब्द कागदावर परके दिसतात. देवनागरीत लिहा : ‘रिको’ आणि ‘एन्-रिक्-एसेर’. ‘रिक्’ जागच्या जागी आहे. स्पेलिंगने गोंधळ घातला की देवनागरीत लिहून पाहण्याचा फायदा होतो, तो असा.

खरी कमाई मात्र कुळे ओळखण्यात आहे. ‘तेनेर’ (जवळ असणे) याचा भूतकाळ ‘तुबे’. तो एकदा पक्का केला की मान्तेनेर (सांभाळणे), ओब्तेनेर (मिळवणे), देतेनेर (थांबवणे), सोस्तेनेर (पेलणे), एन्त्रेतेनेर (रमवणे) यांचे काही नव्याने शिकावे लागत नाही : मान्तुबे, ओब्तुबे, देतुबे, सोस्तुबे, एन्त्रेतुबे. ‘पोनेर’ (ठेवणे) याची पुसे, पोन्द्रे, प्वेस्तो ही तीन रूपे आली की कोम्पोनेर, प्रोपोनेर, सुपोनेर, इम्पोनेर, एक्स्पोनेर ही सगळी मंडळी हाती लागतात. ‘दुसिर’ असे सुटे क्रियापद भाषेत नाही, तरी त्रादुसिर (भाषांतर करणे), कोन्दुसिर (गाडी चालवणे), रेदुसिर (कमी करणे) ही सगळी एकाच पद्धतीने चालतात : वर्तमानात ‘दुस्को’, भूतकाळात ‘दुहे’.

‘सातिस्फासेर’ म्हणजे समाधान करणे. हा शब्द एकटा वाटतो, पण आहे ‘आसेर’ म्हणजे करणे याच्याच कुळातला. लॅटिनमधला सुरुवातीचा ‘फ’ स्पॅनिशमध्ये बऱ्याच ठिकाणी मुका झाला, पण या शब्दात तो वाचला. म्हणून ‘ईसे’वरून सातिस्फीसे आणि ‘एचो’वरून सातिस्फेचो.

कुळ ओळखल्यावर सगळेच आपोआप होते असे मात्र नाही. ‘बेन्देसिर’ म्हणजे आशीर्वाद देणे हे ‘देसिर’च्या घरातले, भूतकाळात ‘बेन्दिहे’ होऊन इमाने राहते, पण भविष्यात ‘बेन्दिरे’ न होता ‘बेन्देसिरे’ होते. आणि एक चूक तर स्पॅनिश ही मातृभाषा असलेले लोकही करतात. ‘प्रे-बेर’ म्हणजे आधी पाहणे, अंदाज घेणे. त्यात ‘बेर’ म्हणजे पाहणे स्वच्छ दिसते. शेजारी ‘प्रो-बे-एर’ म्हणजे पुरवणे आहे, तीन अक्षरांचे, ‘ले-एर’सारखे चालणारे. दोघांची सरमिसळ होऊन ‘प्रेबेएर’ असा भलताच शब्द लिहिला जातो. त्यापुढे ‘प्रेबेयो’ असा चुकीचा भूतकाळ येतो, बरोबर आहे ‘प्रेब्यो’. तोड बरोबर घातली असती तर ही चूक झालीच नसती.

डावी बाजू

उपसर्गांत ‘देस्’ (उलट), ‘रे’ (पुन्हा), ‘एन्’ किंवा ‘एम्’ (आत, किंवा एखाद्या अवस्थेत आणणे), ‘आ’, ‘कोन्त्रा’, ‘प्रे’, ‘सोब्रे’, ‘इन्तेर’ हे ओळखीचे. पण स्पॅनिशची खास लकब अशी की उपसर्ग आणि प्रत्यय दोन्ही एकदम लागून क्रियापद बनते. ‘रोहो’ म्हणजे लाल. लाल होणे, लाजून लाल होणे हे ‘एन्-रोह्-एसेर’. नुसते ‘रोहेसेर’ नाही आणि नुसते ‘एन्रोहो’ही नाही. दोन्ही बाजूंची टोपणे एकाच वेळी काढावी लागतात. गरीब ‘पोब्रे’पासून एम्पोब्रेसेर, दुःखी ‘त्रिस्ते’पासून एन्त्रिस्तेसेर, रात्र ‘नोचे’पासून आनोचेसेर म्हणजे रात्र पडणे. शेवटी ‘एसेर’ दिसले की दोन गोष्टी गृहीत धरायला हरकत नाही : काहीतरी ‘होत’ आहे, आणि ‘मी’चे रूप ‘एस्को’ने संपणार.

याच साच्यातला एक शब्द भारतीयांच्या आवडीचा ठरावा. चंद्र म्हणजे ‘लूना’, चंद्रावर उतरणे म्हणजे ‘आ-लुन्-इसार’. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा स्पॅनिश वृत्तपत्रांत हेच क्रियापद झळकत होते. स्पेनच्या गुन्हेगारी बातम्यांत मात्र त्यापासून झालेले ‘आलुनिसाहे’ हे नाम आले तर चंद्राकडे पाहू नये. दुकानाच्या दर्शनी काचेलाही ‘लूना’ म्हणतात, आणि गाडी त्या काचेवर घालून माल लुटण्याच्या प्रकाराला पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत सगळे ‘आलुनिसाहे’ म्हणतात. तुकडे तेच, धातूचा अर्थ वेगळा.

आता फसव्या जागा. ‘देसेआर’ म्हणजे इच्छा करणे, यात ‘देस्’ नाही. ‘रेगालार’ म्हणजे भेट देणे, यात ‘पुन्हा’ काही नाही. ‘रेसोल्बेर’ म्हणजे सोडवणे, यात ‘बोल्बेर’ शोधू नये, तो ‘सोल्बेर’ आहे. ‘एन्तेर्रार’ म्हणजे पुरणे, त्यात ‘त्येर्रा’ आहे. ‘एन्तेरार’ म्हणजे माहिती देणे, त्यात जमिनीचा संबंध नाही. ‘र’ कंप पावतो की नाही एवढ्यावर एखाद्याला बातमी सांगितली की पुरून टाकले, हे ठरते! उलट ‘देसायुनार’ म्हणजे न्याहारी करणे यात उपसर्ग आहे असे वाटत नाही, पण आहे : ‘आयुनार’ म्हणजे उपवास करणे, तो सोडणे म्हणजे देसायुनार. ‘देस्कान्सार’मध्येही तसेच, ‘कान्सार’ म्हणजे दमवणे, दमणूक उतरवणे म्हणजे विश्रांती. एखादा उपसर्ग खरा की खोटा हे तपासण्याची रीत साधी आहे. तो बाजूला काढल्यावर उरलेला शब्द स्वतंत्रपणे भाषेत आहे का, आणि असल्यास अर्थ जुळतो का, हे पाहावे. अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात अनेक नोंदींच्या सुरुवातीला व्युत्पत्ती असते आणि क्रियापदांची रूपावलीही मिळते. अंदाज करण्यापेक्षा ते अर्ध्या मिनिटाचे काम बरे.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर अकादमी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते. ‘देसाम्पारार’ म्हणजे वाऱ्यावर सोडणे हे ‘दे-साम्पारार’ असेही तोडता येते आणि ‘देस्-आम्पारार’ असेही. मात्र ‘लेएर’सारख्या शब्दात दोन स्वर उच्चारात वेगळे असले तरी त्यांच्यामध्ये ओळ तोडायची नाही. छापील मजकूर तयार करणाऱ्यांनी आणि परीक्षेत हाताने निबंध लिहिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले की पुरे.

सरावासाठी वेगळे पुस्तक घ्यायची गरज नाही. स्पॅनिश बातमीतली किंवा पाककृतीतली पाच-सहा लांब क्रियापदे निवडावीत. पाककृतीत आज्ञार्थ आणि सर्वनामे भरपूर सापडतात, शिवाय जेवणही होते. आधी पेन्सिलीने शब्दावर उजवीकडून उभ्या रेघा माराव्यात : सर्वनाम, पुरुष, काळ, गटाचा स्वर, धातू. डावीकडचा उपसर्ग सगळ्यात शेवटी, तोही तपासून. मग त्याच शब्दाखाली उच्चाराच्या कमानी काढाव्यात आणि जोराच्या अक्षराखाली रेघ द्यावी. वरच्या रेघा आणि खालच्या कमानी जिथे जुळत नाहीत, ती जागा मोठ्याने म्हणून पाहावी.

हात बसेपर्यंत एक शब्द घरी करून पाहा : ‘इन्तेर्नास्योनालिसारीआमोस’. उच्चाराचे तुकडे दहा पडले पाहिजेत, अर्थाचे सात, आणि जोर ‘री’वर.